पेत्रुस क्रिस्तुसचा कार्थुसियन मठवासी (१४४६): चेहऱ्यावरून माणूस किती वाचायचा?

मेघना_च

न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन संग्रहालयात एक छोटं तैलचित्र आहे. लाकडी फळीवर रंगवलेलं, उंची २९ सेंमीच्या थोडी वर, रुंदी साडेएकवीस. आपल्या ए-फोर कागदाएवढं. चित्रकार पेत्रुस क्रिस्तुस, गाव ब्रूज (आजचा बेल्जियम), साल १४४६. पांढऱ्या जाड लोकरी झग्यातला एक दाढीवाला मठवासी, छातीपर्यंत दिसणारा. चेहरा पूर्ण समोर नाही, बाजूलाही नाही, तीन-चतुर्थांश वळलेला. नजर मात्र सरळ आपल्याकडे. मागे लालसर रंगाची, कोपरा असलेली खोली. खाली दगडात कोरल्यासारखी दिसणारी चित्रकाराची सही आणि त्या कडेवर बसलेली एक माशी. खरीखुरी माशी वाटावी इतकी हुबेहूब रंगवलेली.

हा माणूस कोण, ते इतिहासाला ठाऊक नाही. म्हणूनच बहुधा जो तो त्याच्याबद्दल छातीठोकपणे बोलतो. 'कठोर', 'शांत', 'संशयी', 'आतून खचलेला', 'ईश्वरात लीन' अशी सगळी विशेषणं याच एका चेहऱ्याबद्दल मी वाचली आहेत. एवढ्या परस्परविरोधी गोष्टी एका चेहऱ्यात खरोखर असतील, की आपण त्या घरून घेऊन जातो?

माझं म्हणणं सरळ आहे. भाव सगळ्यात शेवटी वाचावा. आधी कपडे, केस, दाढी, प्रकाश, खोली, आजूबाजूच्या वस्तू, आणि मग डोळे नि ओठ. आपण नेमकं उलट करतो. आधी डोळ्यांत बघतो, एक भावना पकडतो आणि बाकीचं चित्र त्या भावनेच्या दावणीला बांधतो.

याला मोठा पुरावा याच चित्रात आहे. कित्येक वर्षं या मठवाशाच्या डोक्यामागे सोनेरी प्रभावळ होती. त्यामुळे हा कुणीतरी संत असणार असं धरून लोक त्याच्या डोळ्यांत संतपण शोधायचे आणि ते सापडायचंही! पुढे लक्षात आलं की ती प्रभावळ क्रिस्तुसची नाहीच, नंतर कुणीतरी चढवलेली आहे. १९९२मध्ये संग्रहालयाने ती काढली. डोळे तेच राहिले, ओठ तेच राहिले. संत मात्र निघून गेला.

आता प्रभावळ नाही, नाव नाही. तरीही या चेहऱ्याबद्दल काही बोलता येतं का? तुम्हाला काय दिसतं ते लिहा, आणि कशावरून दिसतं तेही लिहा.

रानजाई

विषय फार आवडला. चित्र झूम करून बराच वेळ बघत बसले.

मला तो थकलेला वाटतो. कशावरून, तर डोळ्यांखालची त्वचा आणि घट्ट मिटलेले ओठ. मेघनाताई, पहिल्या नजरेतलं वाटणं एवढं बाजूला का सारायचं? आपण जन्मभर माणसांचे चेहरे वाचतो. आई दारात पाय ठेवते तेव्हाच कळतं तिचा दिवस कसा गेला. त्या सवयीला काहीच किंमत नाही का?

वसईकर

मी मठाविषयी थोडं लिहितो, त्याचा इथे उपयोग होईल.

कार्थुसियन हा कॅथलिक चर्चमधला अतिशय कडक एकांतवासाचा संघ. संत ब्रुनो यांनी १०८४मध्ये फ्रान्समध्ये ग्रनोब्लजवळच्या शार्त्रूझच्या डोंगरात तो सुरू केला. प्रत्येक साधूला स्वतंत्र कोठी, तिला लागून छोटी बाग. दिवसाचा बहुतेक वेळ तो एकटाच असतो. मांसाहार कायमचा वर्ज्य, बोलणं अगदी मोजकं.

पण मठात दोन प्रकारचे लोक असतात आणि या चित्रात तोच कळीचा मुद्दा आहे. एक म्हणजे कोठीत राहून प्रार्थना आणि वाचन करणारे साधू. दुसरे ब्रदर, म्हणजे व्रत घेतलेले पण शेती, स्वयंपाक, सुतारकाम, गुरंढोरं असला सगळा पसारा सांभाळणारे. आमच्याकडे वसईतही फादर आणि ब्रदर हा फरक लहान पोरांना माहीत असतो. त्या काळात कोठीतले साधू दाढी करत, ब्रदर दाढी ठेवत. चित्रातल्या माणसाला लांब दाढी आहे आणि वरचा ओठ साफ भादरलेला आहे. म्हणून अभ्यासक त्याला ब्रदर मानतात.

तेव्हा रानजाई, तुम्हाला थकवा दिसला तर तो कदाचित जागरणाचा किंवा वैराग्याचा नसेल, अंगमेहनतीचा असेल. 'ईश्वरात लीन' म्हणणाऱ्यांनी मात्र हा माणूस दिवसभर काय करत होता ते आधी बघायला हवं. त्याच्या कामालाही प्रार्थनाच मानत, ते वेगळं.

कुंचला

मी व्यक्तिचित्रं करतो, म्हणून कामाच्या बाजूने चार गोष्टी.

पहिली. माणूस समोर बसवून चित्र काढताना तो हसत नाही. हसू टिकत नाही. पाच मिनिटांत चेहरा सैल पडतो, तोंड मिटतं आणि नजर एका जागी खिळते. जुन्या व्यक्तिचित्रांतलं निम्मं 'गांभीर्य' हे निव्वळ बसून राहण्याचं गांभीर्य असतं. रानजाई, तुम्हाला दिसलेला थकवा या खात्यातलाही असू शकतो.

दुसरी. चित्रकाराचा हात. प्रत्येकाची डोळे काढायची सवय असते. पेत्रुस क्रिस्तुसचं बर्लिनमधलं तरुण मुलीचं चित्र बघा, १४७०च्या आसपासचं. तिचेही डोळे लांबट, किंचित तिरके, ओठ बंद, आणि तीही आपल्यालाच जोखते आहे असं वाटतं. ती मठात नव्हती! मग मठवाशाची 'भेदक नजर' मठवाशाची किती आणि क्रिस्तुसची किती?

तिसरी. प्रकाश. इथे उजेड एकाच बाजूने येत नाही. चेहऱ्याची एक बाजू उजळते, आणि दुसरीकडेही पूर्ण काळोख नाही, तिथे मऊ परतीचा उजेड आहे. गालाचं हाड आणि कपाळ त्यामुळे गोलाईने वर येतं. तेलरंगाचे पातळ, पारदर्शक थर एकावर एक चढवल्याशिवाय हे होत नाही. हाच चेहरा एकाच कडक उजेडात रंगवला असता तर सगळ्यांनी त्याला 'कठोर' म्हटलं असतं. मऊ सावलीमुळे तो 'विचारी' झाला. म्हणजे भाव त्याच्या मनातून आला की खिडकीतून?

मेघना_च

कुंचला, हाताच्या सवयीचा मुद्दा अगदी रास्त आहे. त्यालाच धरून पुढे जाते, कारण क्रिस्तुसने आपली मोठी सोय करून ठेवली आहे.

त्याच १४४६ साली त्याने दुसरं एक व्यक्तिचित्र केलं, एडवर्ड ग्रिमस्टन या इंग्रजाचं. ते लंडनच्या नॅशनल गॅलरीत बघायला मिळतं. चित्रकार तोच, वर्ष तेच, आकारही लहानच. आणि मुख्य म्हणजे दोघांनाही त्याने खोलीच्या कोपऱ्यात बसवलं आहे. तोवर ब्रूजचा मोठा चित्रकार यान व्हान आयक आणि त्याच्या आसपासची मंडळी माणसामागे बहुधा सपाट काळोख ठेवत. व्हान आयक १४४१मध्ये गेला, क्रिस्तुस १४४४मध्ये ब्रूजचा नागरिक झाला आणि दोन वर्षांत त्याने माणसाला खरी खोली दिली.

आता दोन्ही चित्रं शेजारी ठेवा. जे दोन्हींत सारखं आहे ते चित्रकाराचं: लांबट डोळे, मिटलेले ओठ, स्तब्धता. जे वेगळं आहे ते समोरच्या माणसाचं, किंवा निदान त्याला कसं दाखवायचं ठरलं त्याचं.

ग्रिमस्टनच्या खोलीला खिडकी आहे, वर तुळया आहेत, भिंतीवर त्याच्या घराण्याची चिन्हं आहेत. हातात मानाची साखळी आहे, इंग्लंडच्या लँकेस्टर राजघराण्याच्या सेवेची. म्हणजे तो कुणाचा, कुठला, किती मोठा, हे सगळं वस्तू सांगतात. मठवाशाच्या खोलीत काहीच नाही. खिडकी दिसत नाही, फक्त तिचा उजेड आत आलेला दिसतो. पुस्तक नाही, क्रूस नाही, जपमाळ नाही. हातसुद्धा नाहीत!

ज्याने आपल्या मालकीचं सगळं सोडलं त्याच्या चित्रातून सगळं काढून घेतलं आहे. माझ्या लेखी स्वभावचित्रण इथे सुरू होतं. डोळ्यांत नंतर येऊ.

रीळ

धाग्याशी थेट संबंध आहे म्हणून सिनेमाकडून एक भर घालतो.

लेव्ह कुलेशोव्ह या रशियन दिग्दर्शकाचा प्रयोग फिल्म शिकणाऱ्या प्रत्येकाला सांगितला जातो. एका नटाचा निर्विकार चेहरा घ्यायचा आणि त्याला वेगवेगळ्या दृश्यांना जोडायचं. जेवणाशी जोडला की प्रेक्षकाला भूक दिसते, शवपेटीशी जोडला की दुःख. चेहरा एकच. तुमच्या मठवाशाच्या डोक्यामागची प्रभावळ हे त्याला जोडलेलं दुसरं दृश्यच होतं.

असंच जोडून बघितलं गेलेलं आणखी एक चित्र आम्सटरडॅमच्या राइक्सम्युझियममध्ये आहे. रेम्ब्रांटने १६६०मध्ये रंगवलेला, मठवाशाच्या वेशातला तरुण. तपकिरी झगा, डोक्यावरून ओढलेली टोपी, नजर खाली. हा त्याचा मुलगा तीतुस असं मानलं जातं. तीतुसचा जन्म १६४१चा, म्हणजे इथे तो जेमतेम एकोणीस वर्षांचा. खराखुरा साधू नव्हे, फ्रान्सिस्कन पंथाच्या वेशात बसवलेला मुलगा.

या चित्रापुढे लोक हळवे होतात. कारण आपल्याला माहीत असतं की १६५६मध्ये रेम्ब्रांटचं दिवाळं निघालं, घरदार विकलं गेलं, त्याच १६६०मध्ये तीतुस आणि रेम्ब्रांटची सहचरी हेन्ड्रिक्ये यांनी व्यवसाय आपल्या नावावर घेतला आणि म्हातारा बाप कागदोपत्री त्यांचा नोकर झाला. शिवाय तीतुस १६६८मध्ये बापाच्या आधी गेला. एवढं सगळं डोक्यात घेऊन बघितल्यावर खाली झुकलेल्या पापण्यांत दुःख दिसणारच. पण चित्र रंगवलं तेव्हा १६६८ उजाडायचं होतं. ते दुःख आपण मागे नेऊन ठेवतो.

अनुष्टुभ

आपल्या परंपरेत यावर विचार झाला आहे, तोही इथे असावा. विष्णुधर्मोत्तर पुराणातल्या चित्रसूत्रात नऊ रस चित्राचेही मानले आहेत आणि नृत्य कळल्याशिवाय चित्र कळणार नाही असं स्पष्ट म्हटलं आहे. म्हणजे भाव एकट्या चेहऱ्यात नसतो, तो शरीराच्या ठेवणीत, मानेच्या वळणात, नजरेच्या दिशेत असतो.

त्या नजरेने बघितलं तर मी या चित्राला शांत रस म्हणेन. कशावरून, तर देह एकीकडे वळलेला असूनही मानेत ताण नाही. खांद्यांवरून झगा सरळ पडला आहे, एक मोठी पांढरी, जड घडी. चित्राचा निम्मा भाग ती घडीच आहे, आणि तिच्यात हालचाल नाही.

मेघना_च

अनुष्टुभ, झग्याचं निरीक्षण फार मोलाचं आहे. मानेबद्दलही सहमत. पण 'शांत रस' म्हणायला माझं मन अडखळतं, कारण ती नजर. शांत रसातला माणूस मला शोधत नाही. हा माझ्याकडे बघतो आहे. डोळे वळवून बघतो आहे! देह एकीकडे आणि नजर दुसरीकडे, ही स्थिती विसाव्याची नाही. कुणीतरी कोठीच्या दारात आलं आणि त्याची दखल घेतली, असं काहीसं आहे ते.

आणि माशीचं काय? तिच्याबद्दल कुणीच बोललं नाही अजून.

हडसनकाठ

माशीबद्दल मी बोलतो. न्यू जर्सीत राहतो, मेटला (मेट्रोपॉलिटन संग्रहालयात) जाणं होतं.

पडद्यावर झूम करून बघितलं की ती माशी चित्राचा एक तपशील वाटते. समोर उभं राहिलं की तसं होत नाही. चित्र इतकं लहान आहे की आपोआप पुढे वाकायला होतं, आणि वाकल्यावर पहिल्यांदा माशी दिसते, मग माणूस. ती मठवाशाच्या जगात नाही, ती चौकटीच्या कडेवर आहे, म्हणजे आपल्या बाजूला. हात झटकावा असं वाटण्याइतकी आपल्या बाजूला. आणि ती तिथे बसली की मागचा माणूसही खरोखर त्या खिडकीवजा चौकटीमागे बसलेला आहे हे डोळ्यांना पटतं.

तिचे अर्थ बरेच लावतात. कुणी म्हणतं देहाच्या नाशवंतपणाची खूण, कुणी म्हणतं पापाची, कुणी म्हणतं खऱ्या माश्या चित्रावर बसू नयेत म्हणून काढलेला तोडगा. आणि कुणी म्हणतं चित्रकाराने आपली करामत दाखवली. इटालियन चित्रकारांची चरित्रं लिहिणाऱ्या वासारीने चित्रकार जोत्तोची गोष्ट सांगितली आहे ना, त्याने पोरवयात गुरू चिमाबुएच्या चित्रातल्या नाकावर माशी काढली आणि गुरू ती हाकलत बसला! लंडनमधल्या होफर घराण्यातल्या बाईच्या चित्रात, साधारण १४७०च्या, पांढऱ्या शिरोवस्त्रावर अशीच माशी आहे. तेव्हा हे एकट्या मठवाशाबद्दलचं विधान नाही, त्या काळच्या चित्रकारांची ती एक आवडती क्लृप्ती होती.

मला करामतीचा अर्थ जास्त पटतो. सहीच्या लगेच वर बसवली आहे ती. सही आणि कसब, दोन्ही एका जागी.

रानजाई

सगळ्यांचं वाचलं. दाढी पंथाची, डोळे चित्रकाराचे, गांभीर्य बसून राहण्याचं, सावली खिडकीची, माशी क्लृप्ती. मग या माणसाचं स्वतःचं काय उरलं? अशाने कुठल्याच व्यक्तिचित्रात माणूस सापडायचा नाही. मला हे मान्य नाही. समोर एक विशिष्ट माणूस आहे, तो कुणासारखाही नाही, हे मला दिसतं आणि तुम्हालाही दिसतं. नाहीतर आपण इतकं लिहिलंच नसतं.

कुंचला

रानजाई, माणूस आहेच. फक्त तो 'भावनेत' सापडेल असं नाही, तो तपशिलात सापडतो. नाकाची ठेवण, गालांचं मांस, दाढीचा प्रत्येक केस वेगळा ओढलेला. ही कल्पनेतून येणारी गोष्ट नव्हे, समोर बसलेल्याकडे बघूनच येते. एखाद्याच्या दाढीचा केसन् केस बघत बसणं हा त्याच्याबद्दलचा आदरच आहे असं मी मानतो.

आणि जिथे माणसाची माहिती उपलब्ध आहे तिथे ताळा करून बघता येतो. एल ग्रेकोने रंगवलेले फ्राय ओर्तेन्सिओ पाराविसिनो, बोस्टनच्या संग्रहालयातले, साधारण १६०९चे. त्रिनितारियन पंथाचे. काळा झगा, आत पांढरा, छातीवर लाल-निळा क्रूस. उंच पाठीच्या खुर्चीत बसलेले, एका हातात पुस्तकं, पानांत बोट अडकवलेलं, म्हणजे वाचता वाचता आपल्याकडे वर बघितलेलं. वय तिशीच्या उंबरठ्यावर. हे पुढे स्पेनच्या राजाचे प्रवचनकार झाले, कवी होते, एल ग्रेकोवर त्यांनी सुनीतंही लिहिली. चित्रातला तरतरीतपणा, बुद्धीची धार, ते खुर्चीवर नीट न टेकणं, हे सगळं त्यांच्या चरित्राशी जुळतं. तिथे हात बोलतात.

इथे क्रिस्तुसने हातच दाखवले नाहीत. हाताने काम करणारा ब्रदर, आणि हात चौकटीबाहेर. हे मला या चित्रातलं सगळ्यात अवघड कोडं वाटतं.

वसईकर

त्याला एक साधं उत्तर असू शकेल. त्या काळच्या छोट्या व्यक्तिचित्रांत छातीपर्यंतच माणूस दाखवायची पद्धतही होती. पण कुंचलादादांचा प्रश्न तेवढ्याने मिटत नाही, कारण ग्रिमस्टनचे हात आहेत.

आणखी एक जोड देतो. ब्रूजजवळ हेनाडेडाल नावाचा कार्थुसियन मठ होता. यान व्होस १४४१मध्ये तिथले मठाधिपती झाले. त्यांच्यासाठी एक चित्र व्हान आयकच्या कारखान्यातून आलं, ते आज न्यूयॉर्कच्या फ्रिक संग्रहात आहे. दुसरं छोटं चित्र क्रिस्तुसने केलं, ते बर्लिनमध्ये आहे. म्हणजे क्रिस्तुसची कार्थुसियन लोकांत ऊठबस होती. दोन्ही चित्रांत यान व्होस पांढऱ्या झग्यात गुडघे टेकून माता मरियेपुढे आहेत, शेजारी संत बार्बरा. मठाधिपतीला सोबतीला संत आहेत. आपल्या ब्रदरला कुणीच नाही, आणि तरी अख्खं चित्र त्याचं एकट्याचं. गरिबीचं व्रत घेतलेल्या माणसासाठी ही लहान गोष्ट नव्हे.

मेघना_च

यान व्होसची जोड सुंदर. गुडघे टेकलेला माणूस देवाकडे बघतो, आपण त्याच्याकडे चोरून बघतो. आपला ब्रदर मात्र कुणापुढे झुकलेला नाही, त्याची नजर माणसाच्या पातळीवर आहे.

रानजाई, तुमच्या प्रश्नाला मी टाळत नाही. माझ्या मते या माणसाबद्दल एवढं म्हणता येतं: त्याला दिसण्याची लाज नाही आणि हौसही नाही. ग्रिमस्टनला आपण कोण हे सांगायचं आहे, पाराविसिनोंना संवाद हवा आहे. याला दोन्ही नको, पण तो तोंड फिरवत नाही. हे मी डोळ्यांतल्या एखाद्या भावनेवरून म्हणत नाही. रिकामी खोली, न दिसणारे हात, जड घडी आणि तरीही आपल्याकडे वळलेले डोळे, या चौघांच्या बेरजेवरून म्हणते. शांत म्हणा, कठोर म्हणा, त्यातला एकच शब्द निवडला की या चौघांतला कुणीतरी सुटतो.

रानजाई

हे पटण्यासारखं आहे. तुमच्या क्रमाने पुन्हा बघितलं आणि एक गोष्ट दिसली जी इथे कुणी लिहिली नाही.

वरचा ओठ भादरलेला आहे, खाली लांब दाढी. त्यामुळे तोंड उघडं पडतं आणि दाढीच्या काळसर चौकटीत ते ठळक होतं. मिशी असती तर ओठांचा भाव आपल्याला दिसलाच नसता, आणि निम्मी विशेषणं गळून पडली असती. पंथाच्या नियमाने भादरलेला ओठ, आणि आपण तिथेच त्याचं मन शोधतोय! थकवा मी ज्या ओठांवरून म्हटला ते बोलणं कमी केलेल्या माणसाचे ओठ आहेत. मिटलेले असणं ही त्यांची रोजचीच स्थिती. म्हणून 'थकलेला' ऐवजी आता मी 'न बोलण्याची सवय असलेला' असं लिहीन. डोळ्यांखालच्या त्वचेवर मात्र मी ठाम आहे.

कुंचला

ओठांचं निरीक्षण जबरदस्त. डोळ्यांखालच्या त्वचेवर मीही तुमच्याच बाजूने आहे, फक्त वयाचाही हिशेब धरा. खालच्या पापणीची कड त्याने बारीक उजळ रेषेने ओढली आहे, त्याने डोळा ओलसर आणि जागा दिसतो. झोपेला आलेल्या माणसाचा डोळा असा रंगवत नाहीत. मोठ्या आकाराची प्रतिमा संग्रहालयाच्या संकेतस्थळावर आहे, त्यात डाव्या आणि उजव्या डोळ्याची ती रेषा वेगवेगळी ताडून बघा, मग बोलू.

रीळ

मेघनाताई, तीतुसवर वेगळा धागा काढाच. तिथे डोळे खाली आहेत, त्यामुळे तुमचा क्रम तिथे कसा चालतो ते बघायचं आहे.

मेघना_च

काढते. त्याआधी तीतुसच्या चित्रातली मागची झाडी नीट बघून ठेवा सगळ्यांनी, सुरुवात तिथूनच करू.